फाटकाचं कुलूप

अध्यक्षाने गोड बोलावं आणि मंडळींनी जेवायला उठावं, ही स्नेहमेळाव्याची रीत मी आज मोडणार आहे. माजी विद्यार्थ्यांच्या ज्या क्लबचं फाटक फक्त शाळेचा दाखला पाहून उघडतं, तो क्लब खेळातही मागे पडतो आणि समाजातही, असं माझं स्पष्ट मत आहे. पाठीवर दहावीचं साल छापलेले टी-शर्ट घालून आपण वर्षातून एकदा बॉक्स क्रिकेट खेळतो, ढाली वाटतो, फोटो काढतो. त्याच मैदानाच्या कुंपणाबाहेर वस्तीतली पोरं रस्त्यावर खेळत असतात. याला क्रीडासंस्कृती म्हणणं मला जमत नाही.

बंद फाटकाचा हा प्रयोग इंग्लंडात केव्हाच होऊन गेला आहे. १८७९ ते १८८२ या चार वर्षांत फुटबॉलचा एफए कप तीनदा माजी विद्यार्थ्यांच्या संघांनी जिंकला : दोनदा इटन शाळेच्या ओल्ड इटोनियन्सनी, एकदा ओल्ड कार्थूशियन्सनी. मग १८८३ साली अंतिम सामन्यात इटनच्या साहेबांसमोर ब्लॅकबर्न ऑलिम्पिक उभा राहिला. हा लँकेशायरमधला संघ, त्यात विणकर आणि गिरणी कामगार होते. जादा वेळेत जिमी कॉस्टली या सूतगिरणीतल्या कामगाराने गोल केला आणि कप लँकेशायरला गेला. कुणी म्हणेल, इटनचा एक खेळाडू जखमी झाला होता, ते दहाच जणांनिशी खेळत होते. खरं आहे. पण त्यानंतर माजी विद्यार्थ्यांचा एकही संघ अंतिम फेरीत पोहोचला नाही, त्याचं खापर एका दुखावलेल्या पायावर फोडता येणार नाही. एकीकडे एका शाळेच्या पटावरची नावं होती, दुसरीकडे अख्खं गाव. आपल्याकडे तर जन्माचाच दाखला लागे. मरीन ड्राइव्हवर हिंदू, इस्लाम आणि पारशी जिमखाने शेजारी शेजारी उभे आहेत. मुंबईतले क्रिकेट सामने धर्मवार संघांचे होत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या बाळू पालवणकरांना जातीमुळे हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं आणि संघ जिंकला. दार किलकिलं झालं, तर खेळाचं नुकसान झालं नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. 'सगळ्यांना घेतलं तर शाळेची ओळख पुसली जाईल.' एडिंबराच्या हेरियट्स रग्बी क्लबकडे पाहा. तो मुळात जॉर्ज हेरियट शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा. पुढे त्याने बाहेरच्यांना दार उघडलं, तरी नाव शाळेचंच राहिलं आणि खेळ गोल्डनएकरवरच चालू राहिला. दुसरा आक्षेप पैशाचा : 'वर्गणी आम्ही भरतो, मग मैदानावर हक्क इतरांचा कसा?' अहो, अनुदानित शाळेतल्या गुरुजींचे पगार सरकारी तिजोरीतून झाले, म्हणजे कुंपणाबाहेरच्या पोरांच्या आईबापांच्या करातूनही झाले. त्याची वर्गणी आपण कधी फेडली? तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे : 'आम्हाला फक्त जुने मित्र भेटायला हवेत.' जरूर भेटा. त्यासाठी हॉटेलातलं एक टेबल पुरतं. मैदान अडवायची गरज नाही.

आणि हिशेब स्वार्थाचाच करायचा असेल तर तोही करू. मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत. आज पहिलीला मूल नसेल तर उद्या माजी विद्यार्थी येणार कुठून? मुलांना शाळेकडे ओढतं ते मैदान. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवलं आहे, आणि कितीतरी शाळांना ते नाही. आपल्याला आहे, तर आपण त्याला कुलूप लावतो! म्हणून सत्कार उरकण्याआधी मी ठराव मांडतो : रोज संध्याकाळी मैदान परिसरातल्या सर्व मुलामुलींना मोकळं असावं, क्लबच्या संघाची निवड दाखल्यावर नव्हे तर खेळावर व्हावी, आणि यंदाच्या मेजवानीचा निधी प्रशिक्षकाच्या मानधनाकडे वळवावा. विरोध असेल त्यांनी इथेच, सर्वांसमोर हात वर करावा आणि कारणही सांगावं.