सातबाऱ्यावरचं नाव



आपण शिकत होतो तेव्हा जळकोट-नळदुर्ग अंतर एसटीच्या वेळेवर मोजायचो. आता हैदराबाद महामार्ग चौपदरी झालाय. पुण्याहून सकाळी निघालं की दुपारचं जेवण गावात. रस्ता सोपा झाला, पण माझं येणं कमी होत गेलं.

वडील गेल्यावर आले, ती वारस नोंदीसाठी. भाऊ म्हणाला, "आक्का, हक्कसोडपत्रावर सही करतेस ना?" त्यात लबाडी नव्हती. आपल्याकडं बहिणी सही करतातच आणि साडी-चोळी घेऊन माघारी जातात. मीही पेन हातात घेतला.

मग आठवलं, आपण शाळेत होतो त्याच काळात, १९९४ साली, महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. नोकरीत मी एकेक ओळ तपासल्याशिवाय पुढं जात नाही, आणि हा कागद न वाचताच सही करणार होते!

सही केली नाही. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. ती दोन वर्षं फार जड गेली. शेत आजही तोच कसतो. तुरी-सोयाबीनचा रुपयाही मी घेत नाही. पण सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझंही नाव आहे.

गेल्या संक्रांतीला त्याचाच फोन आला, "आक्का, बांधावरच्या आंब्याला मोहर आलाय. बघायला ये."

मैत्रिणींनो, सही करायची की नाही, हे तुम्ही ठरवा. पण कागद आधी वाचा. वाचायला आपल्याला याच शाळेनं शिकवलंय.