स्वागताध्यक्षांचे मनोगत





यंदाचा विषय कृमिविवर, अर्थात वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा, ठरला तेव्हा स्वागत समितीत कुणीतरी म्हणाले, "अहो, हे सिनेमातलं!" सिनेमाचे राहू द्या, कादंबरीशी मात्र नाते आहे. 'कॉन्टॅक्ट' लिहिताना कार्ल सेगन यांनी किप थॉर्न यांना विचारले, नायिकेला दूरच्या ताऱ्यापाशी झटपट पोहोचवायचे कसे? त्यातून 1988 साली थॉर्न आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल मॉरिस यांचा कृमिविवरावरचा शोधनिबंध निघाला, तोही भौतिकी शिकवणाऱ्यांच्या नियतकालिकात.

आईनस्टाईन आणि रोझेन यांनी असा पूल 1935 मध्येच कागदावर बांधला होता. पण 1962 मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी दाखवले, की त्याचा गळा इतक्या झपाट्याने मिटतो, की प्रकाशही पलीकडे जाऊ शकत नाही.

घोडे अडते ते इथेच. आत शिरताना किरण जवळ येतात. बाहेर पडताना ते फाकायला हवेत. साधे द्रव्य त्यांना जवळच ओढणार, हे कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींच्या 1955 च्या समीकरणातून दिसते. फाकवायचे तर ऋण ऊर्जा हवी.

ती निव्वळ कल्पना नव्हे. निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या दोन विद्युतभारहीन धातूच्या पट्ट्या एकमेकींना ओढतात, हे कॅसिमिर यांनी 1948 मध्ये मांडले; पट्ट्यांमधल्या निर्वाताची ऊर्जा ऋण ठरते. हे बल 1997 मध्ये लॅमोरो यांनी नेमके मोजले, मायक्रॉनच्या घरातल्या अंतरावर. आमच्या कारखान्यात मायक्रॉनचे माप घ्यायचे, तर सुटा भाग आधी वातानुकूलित खोलीत निवू द्यावा लागतो. हाताच्या उबेनेही आकडा हलतो! त्यामुळे त्या मोजणीपुढे मी हात जोडतो.

पुढचा धागा थेट पुण्याचा. मॅट व्हिसर, सायन कर आणि आपल्या 'आयुका'तले नरेश दधीच यांनी 2003 मध्ये दाखवले, की योग्य आकार निवडला तर ही ऋण ऊर्जा हवी तितकी कमी करता येते. कारखानदाराच्या भाषेत, कच्चा माल नगण्य लागेल. तो जमवायचा आणि टिकवायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नाही. सध्या तरी मी ही ऑर्डर घेणार नाही.

आता एक विनंती. पहिल्या दोन रांगा विद्यार्थ्यांसाठी राखल्या आहेत. देणगीदारांनी, माझ्यासकट, कृपया मागे बसावे.