मताचा अधिकार आणि लोकसभेची निवडणूक

(बुद्ध विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या देशाची लोकसभा कशी निवडली जाते, ही निवडणूक आजच्या स्वरूपास कशी आली आणि तीत आपले स्थान काय, ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. विहारात हा विषय कशाला, अशी शंका कोणाच्या मनात येईल. परंतु मते घेऊन निर्णय करण्याची रीत आपणांस परकी नाही. भिक्षुसंघात मतभेद झाला म्हणजे शलाका वाटून मते घेण्याचा नियम होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे केलेल्या भाषणात पूज्य बाबासाहेबांनी ह्याच परंपरेचे स्मरण करून दिले होते. तेव्हा हा विषय येथे मांडण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. मत हे आपणांस कोणी सहज देऊन टाकलेले नाही. १९१९ च्या कायद्याने दिल्लीस दोन सभागृहांचे मध्यवर्ती कायदेमंडळ स्थापन झाले खरे; पण त्यासाठी मत कोणाला? ज्याच्यापाशी मालमत्ता आहे, जो सरकारला कर भरतो, त्याला. ज्याच्यापाशी जमीन नाही, ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याचे नाव त्या यादीत कसे येणार? ज्याला मालमत्ता मिळू दिली नाही, त्यालाच मालमत्ता नाही म्हणून मत नाकारले, असा तो न्याय होता. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणण्याची आणि त्यांना स्वतःचे प्रतिनिधी देण्याची मागणी केली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे ते आणखी पुढे गेले आणि प्रत्येक प्रौढ माणसास मत मिळाले पाहिजे, अशी मागणी त्यांनी केली. त्या काळी मोठमोठ्या पुढाऱ्यांनाही निरक्षर माणसाच्या हाती मत देणे धोक्याचे वाटत होते. स्वतःचे हित कशात आहे हे कळण्यास अक्षरओळख लागत नाही, हे बाबासाहेब जाणून होते.

नुसते मत मिळून भागत नाही, हा दुसरा मुद्दा आहे. आपली निवडणूक-पद्धती अशी आहे की, एका मतदारसंघातून ज्याला सर्वांत अधिक मते पडतात तो निवडून येतो; निम्म्याहून अधिक मते मिळाली पाहिजेत असे बंधन नाही. समजा, शंभर मते पडली आणि उमेदवार तीन आहेत. एकाला ३८, दुसऱ्याला ३४ व तिसऱ्याला २८ मते पडली, तर पहिला निवडून येतो आणि उरलेल्या ६२ मतांचा प्रतिनिधी सभागृहात जात नाही. जो समाज गावोगाव विखुरलेला आहे, प्रत्येक ठिकाणी संख्येने थोडा आहे, त्याचे ह्या पद्धतीत काय होईल? त्याला मत असेल, पण प्रतिनिधी असणार नाही.

म्हणूनच बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ मागितले. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने ते मिळाले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील ७१ जागांच्या ऐवजी १४८ जागा मिळाल्या. मात्र त्या संयुक्त मतदारसंघातून भरावयाच्या होत्या. म्हणजे उमेदवार आमचा, पण त्याला निवडून देणारे सर्व. आधी केवळ आमच्या मतदारांनी चार उमेदवार निवडावेत, अशी प्राथमिक निवडणुकीची सोय करारात होती. राज्यघटनेत ती राहिली नाही. राखीव जागा तेवढ्या राहिल्या. आज लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ८४ अनुसूचित जातींसाठी व ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत आणि तेथे मतदान करतात ते त्या मतदारसंघातील सर्व जातिधर्मांचे लोक. राखीव जागेवरील प्रतिनिधी आपल्या प्रश्नांवर गप्प का बसतो, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर बरेचसे ह्या व्यवस्थेत आहे. ज्याच्या मतांवर तो निवडून येतो, त्याच्याकडे त्याचे तोंड असते.

घटनेच्या ३२६ व्या कलमाने २१ वर्षांच्या प्रत्येक नागरिकास मत दिले. पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ ह्या काळात झाली. मतदार १७ कोटींहून अधिक, जागा ४८९. बहुसंख्य मतदार निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवीत आणि मतदार आपली पत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. मतदार-याद्या करताना एक विलक्षण गोष्ट घडली. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगून लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. नावाशिवाय नोंद होणार नाही, हा आग्रह त्यांनी सोडला नाही आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. भगिनींनो, ज्या राष्ट्राने तुम्हांला मत दिले त्याने तुम्हांस स्वतःचे नावही विचारले, हा त्यातला अर्थ आहे.

त्या वेळी काही मतदारसंघ द्विसदस्य होते. तेथे एक जागा सर्वसाधारण व एक राखीव असे. प्रत्येक मतदारास दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. अशाच उत्तर मुंबई मतदारसंघात राखीव जागेवर उभे राहून घटनेचे शिल्पकार १९५२ साली पराभूत झाले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. संयुक्त मतदारसंघाविषयी त्यांनी दिलेल्या इशाऱ्याचा अनुभव त्यांना स्वतःलाच घ्यावा लागला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले.

आता आपल्या अगदी निकटचा प्रश्न. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदू असला पाहिजे, अशी अट होती. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. म्हणजे ज्याने दीक्षा घेतली त्याला राखीव जागा बंद झाली. १९६२ साली नागपूरच्या राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेले डॉ. मेश्राम ह्यांची निवड, ते बौद्ध झाले ह्या कारणावरून न्यायालयात रद्द ठरली. वस्ती तीच, दारिद्र्य तेच, गावाची वागणूकही तीच. बदलला होता तो केवळ धर्म. ही अट बौद्धांपुरती दूर होण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे आपल्या वडीलधाऱ्यांनी हा तोटा सोसला. पण सवलतीसाठी त्यांच्यातील असंख्यांनी त्रिशरण सोडले नाही. १९५७ साली दादासाहेब गायकवाड नाशिकच्या सर्वसाधारण जागेवरून लोकसभेत गेले. दुसऱ्या समाजांशी न्याय्य प्रश्नांवर जूट केली तर राखीव नसलेले दारही उघडते, हे त्यांनी दाखवून दिले.

त्यानंतरचे बदल थोडक्यात सांगतो. १९८९ पासून मताधिकाराचे वय १८ झाले. २००४ ची लोकसभा निवडणूक सर्वत्र मतदान-यंत्रावर झाली. राखीव जागांची मुदत घटनेत मुळात दहा वर्षांची होती; ती वेळोवेळी वाढवून १०४ व्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत नेली आहे. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखण्याची तरतूद झाली. ह्यापैकी कोणतीही गोष्ट कायमची नाही. जे संसदेने दिले ते संसदेत राखावे लागते.

आता शेवटचे. आपल्या हाती काय आहे? प्रत्येक घराने मतदारयादीत आपली नावे आहेत की नाहीत, हे निवडणुकीची वाट न पाहता तपासावे. घर बदलले, वस्ती उठली, सून घरात आली की नोंद करून घ्यावी. नव्या मतदारासाठी नमुना क्रमांक ६ भरावा लागतो. ज्यांना वाचता येते त्यांनी शेजाऱ्याची यादी पाहून द्यावी. मतासाठी पैसा वा दारू घेणे हा तर गुन्हाच आहे. पण पंचशील घेतलेल्या माणसाला त्याहून मोठी लाज वाटली पाहिजे. आणि निवडून गेलेल्यास पाच वर्षांत एकदा नव्हे, वरचेवर जाब विचारावा.

एक माणूस, एक मत, हे राजकारणात आपण मिळवले. एक माणूस, एक मूल्य, हे समाजात अजून मिळवायचे आहे. त्या १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ह्या विसंगतीचा जो इशारा दिला, तो आजही खोटा ठरलेला नाही. पहिल्याच्या आधाराने दुसरे मिळवता येईल. परंतु पहिलेच विकून टाकले तर दुसरे मागण्यास तोंड राहणार नाही. एवढे मनात ठेवून घरी जा, अशी माझी तुम्हांस नम्र विनंती आहे.

जय भीम.