रविवारचा हक्क

पोटासाठी आम्ही काही कोकणातले गडी दोन वर्षे मॉरिशस बेटावर होतो. रविवारी शिदोरी बांधून डोंगर चढायचे, हाच विरंगुळा. ल मोर्नचा कडा 556 मीटर. खाडीपलीकडचा आपला कोर्लई त्यापुढे टेकडीच! मळ्यांतून पळालेले गुलाम पूर्वी त्या कड्यावर दडत.

एका रविवारी मुकादमाने कामावर बोलावले. आम्ही कड्यावर गेलो. दोन दिवसांचा पगार कापला गेला. ही कातरी जुनीच! 1834 पासून तेथे गेलेल्या गिरमिट्यांनाही एका खाड्यास दोन दिवसांची मजुरी गमवावी लागे.

मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवून दिली. आज घरी गेल्यावर आपल्या कंत्राटी कामावरच्या पोराला विचारा: बाबा, तुला रविवार मिळतो का?