घराची भिंत आणि टिकाऊ रंग

दसरा-दिवाळी जवळ आली कीं आमच्या नाशकांत घरोघरीं एकच खल सुरू होतो : यंदा बाहेरून रंग द्यावयाचा तो साधा, कीं ‘पंधरा वर्षें टिकणारा’ महाग? निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माझ्यासारख्या गृहस्थाला हा प्रश्न किरकोळ नाहीं. त्यांत वर्षाची शिल्लक खर्ची पडते. म्हणून मीं केलेली एक चूक आज आपणांपुढें ठेवतों.

आमचें घर गोदाकांठच्या जुन्या वस्तींत आहे. काळ्या दगडाचें जोतें, त्यावर विटांची भिंत, सांध्यांत चुना. पेशवेकालीन सरकारवाड्यापासून गल्लींतल्या लहान घरापर्यंत जुन्या नाशकाचें बांधकाम दगड, चुना आणि लांकूड यांचेंच. दरवर्षीं भिंतीवर चुन्याचा हात फिरे. त्या कटकटीला कंटाळून मीं एके वर्षीं दीर्घायुषी रंग लावविला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फोड आले, हिवाळ्यांत पोपडे सुटले. मीं रंगाऱ्याला बोल लाविला. तो शांतपणें म्हणाला, “मास्तर, रंग नाहीं सुटला, भिंत सुटली.” पाहतों तों पोपड्याच्या पाठीस विटेचा लाल भुगा आणि पांढरा लोणा चिकटलेला!

याचें कारण साधें आहे. जुन्या भिंतीला जमिनींतून ओल चढते. चुन्याच्या सफेदींतून ती वाफेच्या रूपानें निघून जाते. नव्या रंगाचा पापुद्रा पावसाला अडवितो खरा, पण आंतल्या ओलीची वाटही पुष्कळशी बंद करतो. मग पाण्याबरोबर आलेले क्षार पापुद्र्यामागें सांठतात, त्यांचे स्फटिक बनतात आणि विटेचा थर उकलतो. इंग्लंडांत १८७७ सालीं विल्यम मॉरिस यांनीं स्थापिलेली प्राचीन इमारतींच्या रक्षणाची संस्थाही जुन्या भिंतींना श्वास घेऊं देणारा चुनाच वापरावा, असें सांगते.

मग महाग रंग सर्वथा त्याज्य काय? तसें नाहीं. माझ्या धाकट्या बंधूंचें घर सिमेंटच्या गिलाव्याचें आहे. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा आणि दुपारचें ऊन दोन्ही सोसते. तेथें हा रंग उत्तम टिकला आहे. कारण त्यांतील ॲक्रिलिक राळ उन्हानें लवकर कुजत नाहीं.

आतां थोडें गणित करूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. परांची व मजुरी मिळून ४०,००० रुपये. हा खर्च दोन्ही रंगांना सारखाच. साधा रंग २०,००० रुपयांचा व चार वर्षें टिकणारा; एकूण ६०,०००, म्हणजे वर्षाला १५,०००. महाग रंग ४०,००० रुपयांचा व आठ वर्षें टिकणारा. एकूण ८०,०००, म्हणजे वर्षाला १०,०००. येथें महाग तोच स्वस्त! परंतु भिंत ओली असून दोन्ही रंग दोनच वर्षांत सुटले, तर साध्याला वर्षाला ३०,००० आणि महागाला ४०,००० पडतात. तात्पर्य, आयुष्य डब्यावर लिहिलेलें नसतें, भिंतींत असतें.

म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. पहिली : भिंत उन्हाळ्यांत तपासावी. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनीं भिंतीला घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. आंतल्या बाजूस दंव जमलें तर ओल भिंतींतच आहे. दुसरी : गळकी पन्हळ, गच्चीच्या भेगा व जोत्याशीं सांचणारें पाणी यांचा बंदोबस्त रंगाच्या आधीं करावा. नवा गिलावा असेल तर तो निदान २८ दिवस मुरूं द्यावा. तिसरी : हमीपत्र अक्षरशः वाचावें. हमी केवळ मालाची कीं मजुरीचीही? ओल आणि भेगा त्यांतून वगळल्या आहेत काय? अस्तर व हात किती सांगितले आहेत? पावती जपून ठेवावी.

मीं तो रंग खरवडून काढविला, दोन उन्हाळे भिंत सुकूं दिली आणि पुन्हां चुना लाविला. आतां दरवर्षींची कटकट आहे. पण विटेचा भुगा पडत नाहीं. सिमेंटच्या कोरड्या भिंतीला टिकाऊ रंग अवश्य द्यावा. वाडवडिलांच्या भिंतीला मात्र तिचा चुनाच द्यावा.