सूर मारणारं विमान आणि ग्वाल्हेरचं जहाज

(गणेशोत्सवातील व्याख्यान)



महाराजपूरच्या तळावरून मिराज उठलं की आता आपण वर बघतही नाही, इतकी सवय झाली आहे. याच मिराज विमानांनी १९९९ साली टायगर हिलवर लेझरने नेम धरून बॉम्ब टाकले. लेझर नव्हतं तेव्हा नेम कसा धरत? त्यासाठी आज एका जपानी विमानाची गोष्ट सांगतो. तिचा धागा आपल्या शिंदे सरकारांच्या एका जहाजापर्यंत येतो.

हे विमान आईची कंपनीचं. विमानवाहू जहाजावरून उडायचं. दोस्त सैन्याने त्याला 'व्हॅल' नाव दिलं होतं. पुढे वैमानिक, मागे मशीनगनवाला. चाकं आत न जाणारी, खाली लोंबणारी, त्यामुळे १९४२ सालीही ते जुनाटच दिसे. पण काम बघा. समुद्रात जहाज वळणं घेत पळतं, उंचावरून सोडलेला बॉम्ब खाली येईपर्यंत ते जागेवर नसतं. म्हणून हे विमान जहाजाच्या डोक्यावर जाऊन सरळ खाली सूर मारायचं. पंखांखालच्या पट्ट्या आडव्या करून वेग आवरायचा, अगदी जवळ आल्यावर २५० किलोचा बॉम्ब सोडायचा आणि नाक वर उचलायचं. सुटलेला बॉम्ब स्वतःच्याच पंख्यावर आदळू नये म्हणून पोटाखालचा एक दांडा त्याला झोका देऊन बाहेर काढत असे. इतकी साधी युक्ती, पण तिच्यावाचून सगळं फुकट!

५ एप्रिल १९४२, ईस्टरचा रविवार. पाच विमानवाहू जहाजांचं जपानी आरमार श्रीलंकेजवळ आलं आणि त्याच्या विमानांनी कोलंबोवर हल्ला केला. दुपारी ५३ 'व्हॅल' विमानांना 'कॉर्नवॉल' आणि 'डॉर्सेटशायर' या ब्रिटिश युद्धनौका सापडल्या. वीसेक मिनिटांत दोन्ही तळाला गेल्या, ४२४ माणसं गेली. चार दिवसांनी 'हर्मिस' बुडाली, आणखी ३०७. ती स्वतः विमानवाहू, पण त्या दिवशी तिच्यावर एकही विमान नव्हतं. वाचलेल्यांपैकी अनेकांना 'व्हिटा' या हॉस्पिटल जहाजाने उचललं. जपान्यांनी त्या जहाजाला हात लावला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

हॉस्पिटल जहाज आपल्या माधोमहाराजांचंही होतं. पहिल्या महायुद्धात त्यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' विकत घेतलं, जखमी सैनिकांसाठी सज्ज केलं, नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्धानंतर ते सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलं आणि नव्या कंपनीला नाव दिलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. इथे पुष्कळांना वाटतं की कंपनी राजघराण्याची. तसं नाही. भांडवल मुंबईच्या व्यापाऱ्यांचं, नाव मात्र आपल्याकडचं. 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली ती ५ एप्रिल १९१९ रोजी. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. कोलंबोवरचा हल्ला बरोबर तेवीस वर्षांनी, त्याच तारखेचा!

याच कंपनीने विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी पायाभरणी केली. वर्षही झालं नाही तोच, ६ एप्रिल १९४२ रोजी, त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. ही विमानं 'व्हॅल' नव्हती. ती 'र्‍युजो' या छोट्या विमानवाहू जहाजावरची, आडवी उडत बॉम्ब टाकणारी. मोडतोड थोडी झाली, धास्ती फार मोठी. लोक गाव सोडून पळाले, तिकडे मद्रास सरकारनेही कचेऱ्या आतल्या भागात हलवल्या. कारखान्याचं काम थांबलं, यंत्रसामग्री मुंबईला न्यावी लागली. स्वतःचं जहाज स्वतः बांधण्याची घाई आपल्याला होती, आणि परक्यांच्या युद्धाने ती अडवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

श्रीलंकेवर आलेल्या त्या पाच विमानवाहूंपैकी तीन दोनच महिन्यांत मिडवेच्या लढाईत गेली, तीही अमेरिकेच्या सूर मारणाऱ्या विमानांमुळेच. विशाखापट्टणमच्या कारखान्याचं पहिलं जहाज 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं ते १४ मार्च १९४८ रोजी, पायाभरणीनंतर पावणेसात वर्षांनी.