बिट्टन मार्केट ते रत्नागिरी

भोपाळच्या बिट्टन मार्केट, अरेरा कॉलनी भागातल्या मराठी घरांत गणपतीआधी एकच चर्चा असते: कोकणात कसं जायचं?

नावावर जाऊन अनेकजण गोवा एक्स्प्रेस धरतात. ती मनमाडहून पुणे, मिरज, लोंढा असा घाटमाथ्याचा रस्ता घेते. रत्नागिरी तिच्या वाटेवर नाहीच. पंजाब मेलनं गेलात तर मुंबईत गाडी बदलावी लागते, सामान आणि म्हातारी माणसं सोबत घेऊन.

माझ्या मते मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस उत्तम. निजामुद्दीनहून निघालेली ही रोजची गाडी भोपाळ, भुसावळ, नाशिक रोड, कल्याण, पनवेल करत थेट रत्नागिरीला पोहोचवते. लहान गावी जायचं असेल, तर पनवेल किंवा रत्नागिरीला बदल करा.

राणी कमलापती स्थानक आपल्याला जवळचं खरं, पण तिकिटावर चढायचं स्थानक कोणतं आहे ते नीट वाचा. आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं, तेव्हा तारीख मोजून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि वेळापत्रकही वेगळं असतं. रत्नागिरी स्थानक शहराबाहेर, कुवारबावजवळ आहे. पुढे एसटी किंवा रिक्षा घ्यावी लागेल.